खिडकीबाहेरचा माळवा

(हीरकमहोत्सवी वर्षात, माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या संयुक्त मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळा साठ वर्षांची होते तेव्हा चर्चा बहुधा इमारतीची, निकालांची आणि गुणवंतांची होते. ती व्हायलाच हवी आणि आजच्या कार्यक्रमात तिला योग्य ते स्थान आहेच. या भाषणाचा विषय मात्र शाळेच्या आवाराबाहेरचा आहे. इंदूर शहराची शेवटची वसाहत संपते आणि काळ्या मातीचे शिवार सुरू होते. तेथून पुढे जो माळवा पसरलेला आहे, त्याच्याशी या शाळेतील मुलांचे नाते आज काय उरले आहे, असा तो विषय आहे.

एका साध्या प्रसंगापासून आरंभ करणे उचित ठरेल. सातवीच्या वर्गाला चित्रकलेच्या तासाला नदीचे चित्र काढण्यास सांगण्यात आले. बहुतेक मुलांनी दोन त्रिकोणी डोंगर काढले, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य काढला, डोंगरातून सरळ खाली येणारी निळी नदी काढली आणि तिच्या काठावर नारळाची झाडे उभी केली. चित्रे नीटनेटकी होती, रंगही छान भरलेले होते. परंतु इंदुरात जन्मलेल्या आणि वाढलेल्या मुलांच्या नदीकाठी नारळ उगवला होता. काळ्या खडकांतून वाट काढणारी, काठावर करंज आणि अर्जुन सावली धरून उभे असलेली, चैत्रात आटून डोहाडोहांत विसावणारी माळव्याची नदी एकाही कागदावर नव्हती. पुढे शिक्षकांनी विचारले, “आपल्या घरी नळाला येते ते पाणी कोणत्या नदीचे?” काहींनी नर्मदेचे नाव घेतले. एक मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, “आमच्याकडे टाकीचे येते.”

त्या मुलीला कोणी हसू नये. तिने जे पाहिले होते तेच सांगितले. 1978 पासून नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून उचलून, विंध्याचा चढ चढवून या शहरापर्यंत आणले जाते. अंतर सुमारे 70 किलोमीटरचे आहे. ज्या नदीवर आपले रोजचे जगणे अवलंबून आहे, ती अवघ्या दोन तासांच्या वाटेवर असूनही मुलाला दिसत नाही. अशा वेळी दोष मुलाचा नसतो, त्याला तेथवर न नेणाऱ्या मोठ्या माणसांचा असतो.

माळव्यातील मराठी माणसाला ही भूमी परकी कधीच नव्हती. होळकर, शिंदे आणि पवार यांच्याबरोबर अठराव्या शतकात जी घराणी इकडे आली, त्यांनी येथील पाणी, येथील गहू आणि येथील बोली आपलीशी केली. अहिल्याबाईंनी नर्मदेच्या काठी महेश्वरला राजधानी केली, तेथून राज्य केले आणि तेथेच 1795 मध्ये देह ठेवला. त्या परंपरेतील दोन-तीन माणसांची आठवण आज मुद्दाम करावयाची आहे. कारण त्यांचे मोठेपण थेट या मोकळ्या भूमीतून उगवलेले आहे.

पहिले नाव डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे. नीमच येथे 1919 मध्ये जन्मलेले आणि उज्जयिनीला कर्मभूमी मानलेले हे मराठी गृहस्थ माळव्यात ‘हरिभाऊ’ म्हणूनच ओळखले जात. 1957 मध्ये ते आगगाडीने भोपाळकडे निघाले होते. खिडकीतून त्यांना दूरवर डोंगरमाथ्यावर काही प्रचंड खडक दिसले. स्पेन आणि फ्रान्समधील चित्रगुहांचे खडक त्यांना माहीत होते आणि हे खडक त्यांच्याशी मिळतेजुळते वाटले. पुढे ते सहकाऱ्यांना घेऊन तेथे पायी गेले. तेच भीमबेटका. त्या परिसरात शैलाश्रयांची संख्या सातशेहून अधिक भरली आणि त्यांतील अनेकांच्या भिंतींवर आदिमानवाने काढलेली हरणे, गवे, शिकारी आणि नाचणारी माणसे आढळली. 2003 मध्ये युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या कथेतील एक बारकावा शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. भीमबेटक्याचे नाव 1888 सालच्याच एका नोंदीत येते. परिसरातील आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून तेथे बौद्ध अवशेष असावेत, असे त्या नोंदीत म्हटले होते. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे कितीतरी प्रवासी त्याच लोहमार्गाने गेले आणि कितीतरी जणांनी तेच खडक खिडकीतून पाहिले असतील. गाडीतून दिसलेल्या गोष्टीकडे पायी चालत जाणारा माणूस मात्र एखादाच निघाला. मुलाला खिडकीजवळ बसविणे सोपे आहे. खिडकीबाहेर जे दिसते त्याच्यापर्यंत चालत जाण्याची ओढ त्याच्या मनात निर्माण करणे, हे शिक्षण होय.

दुसरे नाव पंडित कुमार गंधर्व यांचे. त्यांचा जन्म कर्नाटकातला, बेळगावजवळचा. क्षयाने ग्रासल्यामुळे कोरड्या हवेसाठी ते 1948 मध्ये देवासला आले. गाणे बंद झाले होते आणि कित्येक वर्षे अंथरुणावर काढावी लागली. पंचविशीच्या आतबाहेर असलेल्या या असामान्य गायकाला चालणेही दुरापास्त होते. परंतु खिडकी उघडी होती. रस्त्याने जाणाऱ्या बायका, जोगी आणि खेडूत जे गात, ते त्यांच्या कानांवर पडत राहिले. आजारातून उठल्यावर त्यांनी माळव्याच्या लोकधुनांचा ध्यास घेतला आणि त्यांतून काही नव्या रागांचे रूप सिद्ध केले. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ हे त्यांचे कार्यक्रम म्हणजे माळव्यातील ऋतूंना दिलेली मानवंदनाच होती. ज्याला घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, त्याने माळवा इतक्या आत्मीयतेने ऐकला. आजची मुले दोन्ही पायांनी धडधाकट आहेत. त्यांच्या खिडक्या मात्र बंद आहेत आणि कानांत वेगळेच काही घातलेले आहे.

तिसरी आठवण इंदूरच्या कलाशाळेची. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली येथे नारायण श्रीधर बेंद्रे घडले. हे विद्यार्थी रंगपेटी खांद्याला लावून बाहेर पडत आणि घाटांची, गल्ल्यांची, उन्हातल्या भिंतींची चित्रे जागेवर बसून काढत. पुढे विष्णु चिंचाळकर गुरुजींनी वाळलेली पाने, मुळे, फांद्या आणि फेकून दिलेल्या वस्तू यांतून अशी काही कला उभी केली की पाहणाऱ्याने रस्त्यावरची काटकीसुद्धा पुन्हा एकदा निरखून पाहावी. त्यांच्या कलेची सामग्री रानात आणि रस्त्यावर विनामूल्य पडलेली होती. ती दिसण्यासाठी खाली वाकण्याची सवय तेवढी लागत होती.

मग प्रश्न पडतो की आजच्या मुलाला पाहण्यासारखे या परिसरात आहे तरी काय? पालक पुष्कळदा म्हणतात, “इकडे हिमालय नाही, समुद्र नाही. मुलांना दाखवायचे काय?” त्याचे थोडक्यात उत्तर असे.

इंदूरपासून सुमारे 45 किलोमीटरवर महूच्या पुढे जानापाव हा डोंगर आहे. त्याची उंची सुमारे 850 मीटर. परशुरामाची जन्मभूमी म्हणून लोक त्याला मानतात आणि कार्तिकी पौर्णिमेला तेथे जत्रा भरते. येथेच चंबळ उगम पावते. ती उत्तरेकडे जाते, सुमारे 960 किलोमीटरांचा प्रवास करून यमुनेला मिळते आणि तिचे पाणी अखेरीस गंगेतून बंगालच्या उपसागरात जाते. याच डोंगराळ भागाच्या दक्षिण उतारावरून चोरल निघते, ती नर्मदेला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्राला पोहोचते. आषाढातली एक सर याच माथ्यांवर कोसळते आणि तिच्या थेंबांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होतात. जलविभाजक ही संज्ञा भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपते. त्या माथ्यावर उभे राहून दोन्ही बाजूंचे उतार ज्याने पाहिले, त्याला ती व्याख्या पाठ करावी लागत नाही.

त्याच वाटेवर पाताळपाणी आहे. चोरल नदी तेथे सुमारे तीनशे फूट खाली झेपावते. पुढे कालाकुंडपर्यंत जुन्या मीटरगेज मार्गावर डिसेंबर 2018 पासून वारसा गाडी सुरू झाली. बोगदे आणि वळणे पार करीत ती विंध्याचा उतार उतरते. या मार्गाच्या उभारणीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. पाताळपाणीलाच तंट्या भिल्लाचे स्थान आहे. इंग्रजांनी 1889 च्या डिसेंबरमध्ये त्याला जबलपूरला फाशी दिले. आजही लोक त्याला ‘तंट्यामामा’ म्हणून हात जोडतात. भूगोल, इतिहास आणि लोकश्रद्धा यांचे तीन धडे एकाच मुक्कामी भेटतात.

पश्चिमेला गंभीर नदीवरचा यशवंतसागर आहे. 2022 मध्ये यशवंतसागर आणि शहरालगतचा सिरपूर तलाव या दोहोंची रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत नोंद झाली. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदक उतरतात. यशवंतसागराच्या काठच्या शेतांत माणसाएवढ्या उंचीची सारसाची जोडी चरताना दिसते. मांडवगडावर गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष आहेत. त्यांचे मूळ आफ्रिकेतले, पण येथले लोक त्या फळाला ‘मांडूची इमली’ म्हणतात. उज्जयिनी जिल्ह्यात महिदपूरजवळ डोंगला येथून कर्कवृत्त जाते. जूनच्या एकविसाव्या तारखेच्या सुमारास भर दुपारी तेथे उभे राहिले तर स्वतःची सावली पायांखाली नाहीशी होते. धार जिल्ह्यातील पाडल्या गावचे शेतकरी ज्या गोल दगडांना ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले, ती डायनासोरची अंडी असल्याचे शास्त्रज्ञांनी ओळखले. ती बातमी 2023 मधली आहे. शेताचे रक्षण करणारा देव म्हणून जे जपले गेले, ते शास्त्रालाही उपलब्ध राहिले.

मात्र शिवाराचा आनंद घेण्यासाठी प्रसिद्ध स्थळ लागतेच असे नाही. कार्तिकात नुकतीच नांगरलेली काळी जमीन, तिच्यावर उतरलेले बगळे आणि टिटवीची आरोळी एवढेही एका सकाळीला पुरेसे असते. माघात हरभऱ्याचा हुळा भाजून खावा. फाल्गुनात बांधावरचा पळस पेटलेला पाहावा. वैशाखात टेंभुर्णीची पिवळी फळे शोधावीत. ज्या शेतात आज सोयाबीन डोलते, तेथे आजोबांच्या काळी ज्वारी उभी असे, हे एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या तोंडून ऐकावे. श्रावणातल्या गोठीची आठवण या सभागृहातील अनेकांना असेल. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाफले भाजले जात, पळसाच्या पत्रावळीवर डाळ वाढली जाई आणि शिक्षकच वाढपी होत. त्या दिवशी फळ्यावर काहीही लिहिले जात नसे, तरी तो दिवस कोणी विसरलेले नाही.

येथे मराठी शाळेपुरता एक विशेष प्रश्न उभा राहतो आणि तोच या भाषणाचा गाभा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मुलाला मराठी शब्द पुस्तकातून भेटतात, तर वस्तू रस्त्यावर भेटतात आणि रस्त्यावर त्या वस्तूंची नावे हिंदी किंवा माळवी असतात. धड्यांतला निसर्ग बहुधा कोकणचा किंवा सह्याद्रीचा. त्यामुळे ‘खाचर’ हा शब्द त्याला पाठ होतो, पण खाचर त्याने पाहिलेले नसते. दारातला करंज तो रोज पाहतो, पण त्याचे मराठी नाव त्याला ठाऊक नसते. शब्दाला वस्तू नाही आणि वस्तूला शब्द नाही, अशी ही दुहेरी ताटातूट आहे. जी भाषा केवळ परीक्षेपुरती आणि सणावारापुरती उरते, ती दुसऱ्या पिढीत पातळ होते आणि तिसऱ्या पिढीत आजीच्या फोटोशेजारी जाऊन बसते.

यावर उपाय शिवारातच आहे. बांधावर उभे राहून शिक्षकाने म्हणावे, “ही बाभूळ, हा पळस, ही टिटवी, हा ओढा, ही ओंबी.” शेजारी उभा असलेला शेतकरी त्यांची माळवी नावे सांगेल. मुलाच्या वहीत दोन्ही नावे शेजारीशेजारी उतरतील. माळवीचे स्वागत केल्याने मराठी उणावत नाही. उलट मराठीला येथली माती मिळते. परप्रांतात भाषा टिकवायची तर तिला त्या प्रांताची झाडे, पाखरे आणि पाणी यांची नावे घेता आली पाहिजेत.

असे असूनही शाळेच्या सहली गेल्या काही वर्षांत कोठे गेल्या, याचा प्रांजळ हिशेब द्यायला हवा. त्या पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या उद्यानात गेल्या, तिकीट आणि जेवण एकत्र मिळणाऱ्या ठिकाणी गेल्या. मुलांना मजा आली, यात शंका नाही. परंतु अशी उद्याने देशात कोठेही सारखीच असतात. मुले तेथून परतली तेव्हा माळव्याविषयी त्यांच्या ज्ञानात तिळमात्र भर पडली नव्हती. शाळेने सोयीचा मार्ग स्वीकारला, हे मान्य केलेच पाहिजे.

तो का स्वीकारला, हेही स्पष्ट बोलावे. कारण होते भीती. जुलै 2011 मध्ये पाताळपाणीला वरच्या भागातील पावसाने पाणी एकाएकी वाढले आणि सहलीला आलेल्या कुटुंबातील माणसे सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. ते दृश्य दूरचित्रवाणीवर ज्यांनी पाहिले, त्या आईवडिलांनी संमतीपत्रावर सही करताना हात आखडता घेतला, तर त्यांना दोष देता येणार नाही. ती भीती खोटी नाही. परंतु त्या दुर्घटनेतून दोन वेगवेगळे धडे निघू शकतात. एक असा की मुलांना नदीकडे नेऊच नये. दुसरा असा की नदी वर कोठे पाऊस झाला तर खाली कशी वागते, हे मुलांना लहानपणीच शिकवावे. पहिल्या धड्याने मूल शाळेच्या वयापुरते सुरक्षित राहते. पुढे अठराव्या वर्षी ते मित्रांबरोबर मोटारसायकलवरून त्याच धबधब्यावर जाते, तेव्हा पाणी गढूळ होऊ लागले की तत्काळ काठावर यावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अज्ञान हे संरक्षण नव्हे.

म्हणून हीरकमहोत्सवी वर्षापासून शाळेने ‘शिवारफेरी’चा संकल्प केला आहे. त्याचे स्वरूप साधे आहे. पाचवीपासून नववीपर्यंतच्या प्रत्येक वर्गाने शहरानजीकचे एकच शिवार निवडावे आणि वर्षातून चार वेळा तेथेच जावे: पावसाळा सरताना, कडाक्याच्या थंडीत, पळस फुलल्यावर आणि नवे सत्र उघडताच पहिल्या पावसाच्या तोंडावर. चार ठिकाणे एकेकदा पाहण्यापेक्षा एक ठिकाण चारदा पाहिल्याने अधिक कळते. तोच ओढा भरलेला, निवळलेला, आटलेला आणि पुन्हा वाट पाहणारा दिसला, म्हणजे ऋतू हा शब्द मुलाला अंगाने कळतो.

या फेरीचे नियमही ठरलेले आहेत. पावसाळ्यात धबधब्यावर अथवा वाहत्या पात्रात जावयाचे नाही. प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठे माणूस असेल. शेतात पाऊल टाकण्यापूर्वी मालकाला ‘राम राम’ करून परवानगी घ्यावयाची. उभ्या पिकातून न जाता बांधावरून जावयाचे. फूल तोडावयाचे नाही, घरट्याला हात लावावयाचा नाही आणि नेलेला कागदाचा कपटाही परत आणावयाचा. स्वच्छतेसाठी देशात नावाजलेल्या शहरातील मुलांनी आपला कचरा खेड्याच्या बांधावर टाकून यावे, हे शोभणारे नाही. फेरीत मोबाइल शिक्षकांच्या पिशवीत राहतील. आणि परतल्यावर निबंधाची सक्ती नसेल. वहीत एक चित्र आणि दहा नावे एवढेच अपेक्षित आहे.

पालकहो, या संकल्पासाठी शाळेला आपल्याकडून देणगीपेक्षा दोन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. पहिली म्हणजे संमतीपत्रावरची सही आणि तिच्यामागचा विश्वास. मुलाचे बूट चिखलाने भरतील, गुडघा खरचटेल, एखादा काटाही रुतेल. तेवढे सोसण्याची तयारी घरातून झाली पाहिजे. दुसरी म्हणजे वर्षातला एक दिवस. दहा मुलांमागचे ते एक मोठे माणूस आपल्यातूनच यावयाचे आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे मागणे थोडे अधिक आहे. आपल्यापैकी काहींची सांवेर, देपालपूर, महू या बाजूंना शेती आहे. एका वर्गाला आपले शिवार वर्षभरासाठी खुले करावे. कोणी पक्षी जाणतात, कोणी दगड-माती जाणतात, कोणी वैद्यकीय व्यवसायात आहेत. त्यांनी एकेका फेरीत मुलांबरोबर चालावे. जे निवृत्त आहेत आणि ज्यांना चालणे झेपत नाही, त्यांनी वर्गात येऊन साठ वर्षांपूर्वीच्या खान नदीचे पाणी कसे होते एवढे सांगितले, तरी मुले कान टवकारून ऐकतील.

ज्या मुलीने ‘टाकीचे पाणी’ असे उत्तर दिले, ती आता आठवीत आहे. पहिली फेरी तिच्याच वर्गाची आहे आणि ती जलूदच्या बाजूला, नर्मदेच्या काठी निघणार आहे. परतल्यावर त्या वर्गाला पुन्हा एकदा नदीचे चित्र काढावयास देण्यात येईल. ती चित्रे वार्षिक संमेलनात या सभागृहाच्या भिंतीवर लागतील. ती पाहण्यास आपण सर्वांनी अगत्य यावे आणि काठावर झाड कोणते आहे, ते आवर्जून पाहावे.